एडनवाली मनकर्णा

अमरावतीच्या माळीपुऱ्यात मनकर्णाबाईला शेवटपर्यंत सगळे एडनवाली म्हणत. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. एडन कुठं आहे असं कुणी विचारलं तर ती सरळ बडनेऱ्याकडे बोट दाखवायची, कारण नवरा गेला तो त्या रस्त्यानं. आमच्या लोकांना कुणाचं नाव पाडायला एवढी माहिती पुष्कळ होते.

ती वर्षं कापसाची होती. तिकडे अमेरिकेत आपसात लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडच्या काळ्या मातीचं नशीब उघडलं. लोकांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असं सांगतात. मी काही त्या पाहिल्या नाहीत, आणि सांगणाऱ्यांनीही पाहिल्या असतील असं वाटत नाही. पण मनकर्णेचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ खुशालराव, यानं काय केलं ते सगळ्या माळीपुऱ्यानं पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला आणि फुलं पिकवणारं ते घर. खुशालरावानं वांगी उपटली, मेथी-पालकाला चार वाफे ठेवले, आणि झेंडू मोडून थेट विहिरीच्या थारोळ्यापर्यंत कापसाची पऱ्हाटी लावली. म्हातारी पार्बताबाई, त्याची आई, म्हणाली की देवाच्या हारालाही आता कापूसच ओवायचा काय रे? त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

धाकटा चंद्रभान यात नव्हता. अठराव्या वर्षी थोरल्या भावाशी भांडून तो घरातून निघाला होता तो मुंबई सरकारच्या पलटणीत जाऊन शिपाई झाला. लग्न लहानपणीच झालेलं. मनकर्णा वयात आली तेव्हा तिला तो पुण्याला घेऊन गेला. तिथं शिपायांच्या लाइनीत त्यांना एक खोली होती. एक दार, एक चूल आणि भिंतीला दोन खुंट्या. मनकर्णेनं पुढं आयुष्यभर त्या खोलीची जी वर्णनं केली ती ऐकून एखाद्याला वाटावं राजवाडाच होता. तिला त्यात खरं सुख कशाचं होतं, तर बोलण्याचं. नवरा कवाईत करून यायचा, चुलीपाशी बसायचा, आणि भाकरी होईपर्यंत दोघं बोलत बसायची. कुणी ऐकायला नव्हतं, कुणी खाकरत नव्हतं. अशी चार वर्षं गेली.

मग दिवस राहिले. लाइनीत तापाची साथ होती, म्हणून दसऱ्याच्या आधी चंद्रभाननं तिला अमरावतीला आणून सोडलं. मुलगी झाली, तिचं नाव शकुन ठेवलं. आपण चैत्रात पुण्याला परत जाणार, असा मनकर्णेचा हिशेब होता. पोरगी कुशीवर वळायला लागली तेव्हा ती तिला त्या दोन खुंट्यांची गोष्ट सांगायची.

होळीनंतर पाचव्या दिवशी चंद्रभान आला. लाल डगला, कमरेला पट्टा, पायात सरकारी बूट. मनकर्णेनं त्याला स्वयंपाकघराच्या दाराआडून पाहिलं आणि तिचे हात पिठातच राहिले. रात्री जेवताना त्यानं भावाला सांगितलं, आणि ती दाराआडून ऐकत होती. पलटण एडनला जाणार. जहाजानं, समुद्रापलीकडं. तीन वर्षं. बायकापोरांना नेता येत नाही. पाडव्यानंतर सहा दिवसांनी इथून निघायचं.

पार्बताबाईनं तिथंच डोळ्याला पदर लावला. काळं पाणी ओलांडलेल्या माणसाच्या हातचं पुढं कोण पिणार, पोरीला कोण करून घेणार, हे तिचं सुरू झालं. खुशालराव मात्र शांत होता. त्याला या बातमीत तोट्यापेक्षा फायदा दिसत होता. कापसामुळं माणसाला सोन्याची किंमत आली होती, वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार मिळेनासे झाले होते, आणि इथं घरचाच धट्टाकट्टा माणूस. तो म्हणाला, यात रडण्यासारखं काय आहे? पाडवा दहा दिवसांवर आला. पाडव्याला साल संपतं. पुढचा विडा उचलू नको म्हणजे झालं.

चंद्रभान म्हणाला, पलटणीत साल नसतं दादा.

"साल नसते अशी कोणती चाकरी असते बावा? तू चाकर हायेस का गुलाम?"

यावर चंद्रभान गप्प बसला. तो गप्प का बसला हे मनकर्णेला दाराआडून कळलं नाही. तिला वाटलं, भासऱ्याचं म्हणणं त्याला पटलं.

आता ही गोष्ट तिला नवऱ्याला सरळ विचारता आली असती असं तुम्हाला वाटेल. तुम्ही त्या घरात राहिला नाहीत. वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. तो छपरीत भावाबरोबर झोपायचा, ती आत सासूजवळ. दिवसभर कुणी ना कुणी होतंच. पुण्यात असताना ती त्याच्याशी तोंड दुखेपर्यंत बोलली होती, आणि इथं तो आठ हातांवर असून तिच्या वाट्याला तुकड्यातुकड्यानं येत होता. लोटा घेणारा हात, छपरीतला आवाज, वाळत घातलेलं धोतर. तो पोरीला मांडीवर घेऊन तिच्याशीच बोलायचा, "शकुन, तुह्या मायले सांग, भाकर चांगली झाली." मनकर्णा आतून ऐकायची आणि चुलीचा धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून रडून घ्यायची. सहा महिने ती याच माणसाची वाट पाहत होती. तो आल्यावरही वाट पाहणं काही थांबलं नाही.

दहा दिवस तिनं एकच गोष्ट मनात घोळवली. पाडवा.

त्या भागातली रीत अशी. पाडव्याला धनी सालदारापुढं विडा धरतो. विडा उचलला की पुढचं वर्ष बांधलं गेलं. ज्याला राहायचं नसेल त्यानं धन्याची घोंगडी आणि धन्यानं दिलेल्या वहाणा त्याच्या दारात नेऊन ठेवायच्या, वर एक नारळ ठेवायचा आणि म्हणायचं, साल भरलं. मग धनी कितीही मोठा असो, त्याला ब्र काढता येत नसे. मनकर्णेच्या बापाच्या मळ्यावरचे सालदार असेच आले आणि असेच गेले. तिनं विचार केला, आपला माणूस भिडस्त आहे. त्याच्या तोंडून निघणार नाही. कुणीतरी करायला हवं.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली, पुरुष मळ्यात नांगर पुजायला गेले. मनकर्णेनं टोपलीत खाली लाल डगला ठेवला, त्यावर पट्टा आणि बूट, त्यावर नारळ, आणि सगळ्यावर मेथीच्या जुड्या. रजेचा कागदही घेतला, कारण सरकारी माणसाला कागद आवडतो एवढं तिला पलटणीत राहून कळलं होतं. पुण्याचं सरकार तर लांब. पण सरकार सगळीकडं एकच, असं तिनं ऐकलेलं. कचेरीतले कारकून वामनराव यांच्या घरी तिची रोजची भाजी जायची. ती तिथं गेली, मेथी वामनरावांच्या बायकोला दिली, नारळ दिला, आणि डगला, पट्टा, बूट ओसरीवर मांडून हात जोडले.

"साल भरलं, भाऊ. हे सरकारचं सरकारले."

वामनराव नुकतेच पूजेवरून उठले होते. आधी त्यांना हसू आलं. मग बाईचा चेहरा बघून ते आवरलं. त्यांनी तिला खाली बसवून समजावलं की डगला असा परत करता येत नाही. मी हा कचेरीत जमा केला तर चंद्रभान पळपुटा ठरेल, त्याला धरून नेतील, बेड्या घालतील. मनकर्णेनं डगला झटकन आपल्याकडे ओढला. ती म्हणाली, मग सरकारला तुम्ही लिहा. घरी लहान पोर आहे, याला नका धाडू म्हणावं. वामनरावांनी कागद उघडला. इंग्रजी होता. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी तो दोनदा वाचला.

"बाई, सरकारनं याला धाडलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "यानं आपणहून नाव दिलंय. आपल्या खुशीनं, असं लिहिलंय इथं."

तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. इंग्रजी तिला येत नव्हतं तरी कागदाकडे टक लावून पाहिलं. मग तिनं सामान टोपलीत भरलं. वरून झाकायला मेथी उरली नव्हती, म्हणून वामनरावांच्या बायकोनं एक जुनं फडकं दिलं. नारळ तेवढा परत आला नाही, तो आत नैवेद्याला फुटला होता.

डगला खुंटीला जसा होता तसा लागला. घरात कुणाला कळलं नाही. ती कुणाशी बोलली नाही, आणि बोलायचं तरी काय? सरकारनं नेला असता तर सरकारला शिव्या देऊन मन मोकळं झालं असतं. इथं तिनं ज्याच्यासाठी जीव टाकला तोच तिला टाकून निघाला होता, आणि वर पोरीमार्फत भाकरीचं कौतुक करत होता. तिला त्याचा संताप आला. आणि गंमत अशी की संतापाच्या त्या सहा दिवसांतही तो दारातून आत आला की तिचा जीव आधी त्याच्याकडे धावायचा, राग मागून यायचा.

निघायचा दिवस आला. आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंतच येत होती. तिथवर बैलगाडीनं जायचं. मनकर्णेचं माहेर अकोल्याच्या पलीकडं बाळापूरला होतं, आणि आजीआजोबांनी नात अजून पाहिली नव्हती. तेव्हा तीही पोरीला घेऊन त्याच गाडीत निघाली. पार्बताबाईला नाही म्हणायला कारण सापडलं नाही. गाडी हाकायला खुशालराव स्वतः बसला, कारण कापूस भरला होता आणि कापसाच्या बाबतीत त्याचा कुणावर भरवसा नव्हता.

म्हणजे तीन दिवस पुन्हा तेच. पुढं भासरा, मध्ये कापूस, मागं पदर पुढं ओढून ती, आणि तो गाडीच्या बाजूनं पायी. मूर्तिजापूरच्या पुढं रस्ताभर कापसाच्या गाड्याच गाड्या. चाकात चाक अडकत होतं, लोक एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करत होते. ती पोरीला थोपटत त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. उन्हानं त्याची मान भाजून निघाली होती. तिला वाटायचं, आत्ता हात लांबवला तर पुरेल. तीन दिवसांत तिनं तो लांबवला नाही.

अकोल्याला आगगाडी सुटायला अवकाश होता. स्टेशनाबाहेर लिंबाखाली त्यांना बसवून खुशालराव म्हणाला, मी जरा भाव विचारून येतो. कापसाचा बाजार दिसल्यावर भाव न विचारता पुढं जाणं त्याला साधत नव्हतं. तो गेला, आणि सात महिन्यांनी पहिल्यांदा ती दोघं एकटी उरली.

चंद्रभान पोरीच्या गुटीबद्दल काहीतरी बोलू लागला. तिनं ते तोडलं.

"तुमी सोताहून नाव देलं."

तो खाली बसला. कुणी सांगितलं हे त्यानं विचारलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं, खालच्या आवाजात, भराभरा. सरकार पलटणी कमी करत होतं. त्याचं नाव घरी पाठवायच्या यादीत लागलं होतं. एडनला जाणाऱ्या पलटणीत माणसं कमी होती, जो जायला तयार होईल त्याची नोकरी राहणार होती.

"घरी आलो असतो तर जलमभर दादाचा सालदार झालो असतो, मनकर्णे. अन्‌ तू अशीच दाराआड. तीन वर्सं गेले की लाइनीत पुन्हा खोली भेटते."

खोली. हे ऐकलं आणि तिचा सगळा राग ओसरला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. दोघांना एकच गोष्ट हवी होती. तिनं त्यासाठी त्याचा डगला परत करायला नेला होता, त्यानं त्यासाठी समुद्र पत्करला होता, आणि दोघांनीही एकमेकांना काही विचारलं नव्हतं. तिनं त्याला पाडव्याची हकिगत सांगितली. नारळ फुटल्याचं ऐकून तो हसला, आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवलं.

"मले इचारलं कावून नाई?" ती म्हणाली. "इचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं."

स्टेशनात घंटा झाली. खुशालराव लांबून येताना दिसला. त्याचा चेहरा उतरलेला होता, भाव पडला असावा. चंद्रभाननं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, वळकटी उचलली, आणि मग भावादेखत, भर रस्त्यात, तिच्या समोर उभा राहिला.

"आता इचारतो," तो म्हणाला. "जाऊ काय?"

हो म्हणण्याइतकं सोपं काही नव्हतं. आत्ताच तर ती म्हणाली होती. तिनं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. खुशालराव जवळ येऊन खाकरला. ती भासऱ्यासमोर आजवर नवऱ्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"नोका जाऊ," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली, जणू त्याला हेच ऐकून निघायचं होतं. मग तो आगगाडीत जाऊन बसला.