चांगल्या डोळ्यावर पट्टी

डॉक्टरबाई मुलाकडे आधी बघतच नसत. पोर आईच्या पदरात तोंड खुपसून रडत असायचं, आणि बाई फरशीवर मांडी घालून बडीशेपेच्या रंगीत गोळ्या सांडत बसायच्या. रडता रडता पोर गोळ्यांकडे बघायचं, मग खाली उतरायचं. ते गोळी उचलायला लागलं की बाई हळूच त्याचा एक डोळा तळहातानं झाकायच्या. बोटं गोळीवर पडली तर ठीक. बाजूच्या फरशीवर चाचपडली, तर बाईंचं हसणं थांबायचं. आमच्या तेजूची बोटं चाचपडली.

तेजू माझी नात, तेव्हा साडेचार वर्षांची. तिचा डावा डोळा नाकाकडे वळायचा. शेजारणी म्हणायच्या, "चकणी पोर म्हणजे लक्ष्मी शे." मीही तेच म्हणायचे. वर्षभर मीच जाऊ दिलं नाही. शेवटी सून हट्टाला पेटली, म्हणून पिंप्राळ्याहून रिक्षा करून दवाखान्यात आलो. बाई धुळ्याच्या. दर मंगळवारी एसटीनं जळगावला मुलांचे डोळे तपासायला यायच्या. त्यांनी उजवा डोळा झाकला आणि तेजूला समोरची गोळी दिसली नाही, तेव्हा मी तिला ओढून मांडीवर घेतलं. तोंडातून निघून गेलं, "बाई, पोरगी आंधयी व्हई जाई का?"

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, घाबरू नका. बाई तसं कधीच म्हणत नसत. "घाबरा की," त्या म्हणाल्या. "पण आत्ता घाबरा. दहाव्या वर्षी आणली असती तर मीही तुमच्याशेजारी बसून नुसती घाबरले असते."

तेजूनं परत भोकाड पसरलं, म्हणून मी तिला बाहेर घेऊन गेले. उपचार बाईंनी सुनेलाच समजावला. डोळा आळशी झालाय, चष्मा लावायचा, आणि रोज सहा तास चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची. सात-आठ वर्षांची व्हायच्या आत नजर यायला हवी, पुढे कठीण.

सून साड्यांच्या दुकानात कामाला. पट्टीचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी सांगितल्याप्रमाणे उजव्या डोळ्यावर लावली आणि तेजू किंचाळली. "आजी, दिसत नाही! काढ, आजी!" उंबऱ्याला ठेचकाळली, कपाळ दारावर आपटलं. मला वाटलं, एक डोळा गेलाच आहे, दुसरा आपण घालवतोय. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण पाय मोडला तर प्लास्टर मोडक्या पायाला घालतात एवढं मलाही कळत होतं. सुनेनं उलटं ऐकलं असणार. मी पट्टी काढून डाव्या डोळ्यावर लावली. तेजू लगेच गप्प झाली, खेळायला लागली. मी म्हटलं, मानवली.

दोन महिने असं चाललं. सून यायच्या आत पट्टी निघालेली असायची. तिच्या सुटीच्या दिवशी मीच म्हणायचे, आज पोरीलाही सुटी.

मोठ्या माणसांनी सांगितलेलं बाई लिहून घेत, खरं धरत नसत. दोन महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "रोज लावता?" "रोज. सहा तास," मी छातीठोकपणे सांगितलं. सुटीचे दिवस सोडले तर खोटं नव्हतं. त्यांनी गोळ्या सांडल्या, उजवा डोळा झाकला. तेजूची बोटं पहिल्यापेक्षा लांब पडली. बाईंनी तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. मला वाटलं डोळा बघतायत, पण त्या भुवया बघत होत्या. डावी भुवई चिकटपट्टीनं उपटून विरळ झालेली. उजवी जशीच्या तशी.

त्यांनी सुनेला तेजूबरोबर शेजारच्या खोलीत चष्म्याचा नंबर तपासायला पाठवलं. मग माझ्याकडे वळल्या. "अक्का, कधी बैलजोडी होती का घरी?"

"होती की. जामनेरकडची आहे मी."

"जोडीतला एक अंगचोर निघाला तर काय करायचात?"

"त्यालाच एकट्याला शेतात कोळप्याला जुंपायचो. चांगला दावणीला..."

"तुम्ही दोन महिने अंगचोरालाच दावणीला बांधलंत," बाई म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नजर परत येईल?"

"सांगता येत नाही. आता पट्टी कुठल्या डोळ्यावर?"

"उजव्या."

"रडली तर?"

"रडू दे."

"आणि सुनेला कोण सांगणार?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगा, तुम्ही डॉक्टर. "मी कशाला? मी चांगला डोळाच म्हटलं होतं. घरी पोचायच्या आत सांगा. घरी गेल्यावर माणसाला शंभर कामं आठवतात."

रिक्षात सांगितलं. सुनेनं तेजूला माझ्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतलं. दाराशी म्हणाली, "आई, उद्यापासून पट्टी मी लावून जाईन. तुम्ही हात लावायचा नाही." मी मान हलवली. सासूपण तिथंच संपलं.

पुढचं दीड वर्ष मी भीतीवर काढलं. बारीक काम द्या, बाईंनी बजावलं होतं, म्हणून पट्टी लावलेल्या तेजूला तांदूळ निवडायला बसवायचे. ती खडे ठेवायची आणि तांदूळ फेकायची. मी फेकलेले दाणे वेचून परत तिच्यापुढे टाकायचे. एके दिवशी तिनं खडा उचलून माझ्या हातावर ठेवला. मी तो फेकला आणि म्हटलं, दुसरा शोध.

शेवटच्या तपासणीत तिनं डाव्या डोळ्यानं तक्ता वाचला. खालच्या दोन ओळी राहिल्या. बाई म्हणाल्या, "शाळा, सायकल, सगळं होईल एवढ्यावर." मी सुनेसमोरच विचारलं, "त्या दोन ओळी माझ्यामुळे राहिल्या का?" नाही म्हणणं त्यांना सोपं होतं. "थोडं पट्टीमुळे, थोडं उशिरा आणल्यामुळे असेल," त्या म्हणाल्या. म्हणजे दोन्हीकडे मीच.

पुढे बाईंचे गुडघे गेले, एसटीचा प्रवास झेपेना, मंगळवार बंद झाले. धुळ्याला घरीच असतात म्हणे. मी भेटायला गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार?

तेजू आता सातवीत आहे. कधी गंमत म्हणून उजवा डोळा मिटते आणि म्हणते, "आजी, दिसतेस हं तू." नुसत्या 'दिसतेस'वर बाईंनी विश्वास ठेवला नसता. मी बोटं वर करते आणि विचारते, किती? "तीन," ती म्हणते. बरोबर असतं. मग मी एक पाऊल मागे सरते.