कांद्याचे बुडखे

वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागं एक गल्ली आहे. तिथं माया गजभिये यांचं दोन खोल्यांचं घर. वय बावन्न. शहरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या चोवीस वर्षं परिचर आहेत. नवरा धम्मानंद गोदामात सुपरवायझर होता. ऑक्टोबरमध्ये तो दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला गेला. दरवर्षी गल्लीतले चार-दोन जण जातात, डोकं मुंडवून भिक्खूंचं चीवर घालतात, दहा दिवसांनी उतरवून कामाला लागतात. धम्मानंदचा अकराव्या दिवशी फोन आला.

"माया, मी चीवर नाही उतरवत. इथंच राहतो आता."

"बरं," माया म्हणाल्या. कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, म्हणून त्या गॅस बंद करायला उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाया यायला लागल्या. रडायला नाही, अभिनंदन करायला. "पुण्यवान आहे वं तू, माया!" कोणी मेणबत्त्या आणल्या, कोणी फुलं. माया सगळ्यांना चहा देत. नवरा मेला असता तर रडता आलं असतं. दुसरी बाई केली असती तर शिव्या घालता आल्या असत्या. इथं तर हातात फुलंच येत होती. छातीत हात घालून पाहावं तर काहीच लागत नव्हतं.

मुलगी वैभवी मात्र धुमसत होती. ती वर्धा रोडवरच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये नोकरीला. "आई, तू काहून काही बोलत नाहीस वं? सत्तावीस वर्षं संसार केला तुनं!"

"काय बोलू? मले काही होऊनच नाही राहिलं."

नोव्हेंबरात एका रविवारी भाजी चिरताना मायांच्या हातात कांद्याचा बुडखा राहिला, वाळक्या मुळांसकट. प्रयोगशाळेत दरवर्षी त्या मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी पाण्याच्या बाटल्यांवर कांदे बसवायच्या, मुळं फुटली की टोकं कापून द्यायच्या आणि कांदे फेकून द्यायच्या. पुढं काय झालं असतं, ते कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बुडखा फेकला नाही. गल्लीत पडलेलं टमाट्याचं क्रेट आणलं, तळाशी पोतं अंथरलं, माती भरली आणि आठवडाभराचे बुडखे पुरले.

पहिले सगळे सडले. खोल पुरले होते आणि पाणीही फार झालं होतं. मायांना वाईट वाटलं नाही. त्यांनी दुसरी खेप केली. बुडखा बोटभर जाड कापायचा, दिवसभर सावलीत सुकू द्यायचा, मुळं खाली करून मातीत नुसता टेकवायचा, माती सुकली तरच पाणी. सहाव्या दिवशी मधून हिरवं टोक निघालं. पुढं एकेकातून दोन-तीन कोंब आले. आईस्क्रीमच्या काड्यांवर तारखा लिहून त्यांनी त्या मातीत खोचल्या.

वैभवीनं ते पाहिलं आणि एक दिवस हॉटेलातून पिशवी आणली. आत कांद्याच्या पातीसारखेच, पण मनगटाएवढे जाड पांढरे बुडखे. "हे लीक. सूपमध्ये टाकतात आमच्याकडं. बुडखे कचऱ्यातच जातात."

लीक मायांनी ग्लासात पाण्यात उभे केले. रोज पाणी बदलायचं. दोन दिवसांत मधला गाभा बोटभर वर आला, आठवड्यानं तेही मातीत गेले.

जानेवारीत निरोप आला. धम्मानंद आणि विहारातले मोठे भंते घरी भोजनाला येणार. मायांनी खुर्च्यांवर पांढरी चादर टाकली. दोघं आले, बसले. मायांनी रिवाजाप्रमाणं तीनदा वाकून वंदन केलं, आधी मोठ्या भंतेंना, मग धम्मानंदला. मुंडवलेल्या डोक्यावर, कानाच्या वर त्याला एक जुना व्रण होता. सत्तावीस वर्षांत तो त्यांना दिसला नव्हता.

भिक्खूंच्या नियमाप्रमाणं बाराच्या आत जेवण झालं. झुणका त्याच पातीचा होता. मोठे भंते म्हणाले, "उपासिके, यांना उपसंपदा घ्यायची आहे. म्हणजे कायमचे भिक्खू. घरच्यांची संमती असावी, असं मला वाटतं."

"पहिले गेले तवा विचारलं होतं का?" वैभवी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

धम्मानंद बाहेरच्या क्रेटकडं पाहत होता. "हे काय लावलं?"

मायांनी सांगितलं. सडलेली खेप, सुकवणं, कोंब, लीक. इतक्या महिन्यांत त्या एवढं बोलल्या नव्हत्या. तो ऐकत राहिला.

"गड्डा धरते का?"

"बहुतेक नाही धरत. पातच येते."

"माया, तू..." तो थांबला. चीवर खांद्यावर सारखं करून म्हणाला, "उपासिके, संमती द्या."

"घ्या," माया म्हणाल्या. "माझी ना नाही."

आता तरी आत काही हलेल म्हणून त्या वाट पाहत राहिल्या. काही हललं नाही. दोघं गेल्यावर त्यांनी ताटं घासली. वैभवी हुंदके देऊन रडत होती, तिच्या पाठीवरून त्यांनी ओला हात फिरवला.

फेब्रुवारीत उपसंपदा झाली. माया जाऊन तिसऱ्या रांगेत बसल्या आणि दुपारच्या बसनं परत आल्या.

मार्चच्या सुरुवातीला त्या कॉलेजातून आल्या तर शेजारच्या मीराबाईंची बकरी क्रेटमध्ये तोंड घालून उभी. लीक सगळे फस्त. कांद्याची पात बुडापर्यंत खाल्लेली. मायांनी पायातली चप्पल काढली आणि बकरीच्या मागं धावल्या, गोदामाच्या फाटकापर्यंत. तोंडातून काय काय शिव्या निघाल्या, त्यांना कळलंही नाही. ट्रकवाले पाहत राहिले.

"अवं माया, एवढ्याशा पातीसाठी?" मीराबाई घाबरून म्हणाल्या. "मी आणून देतो नं तुले बाजारातून."

"बाजारातली नाही पाहिजे मले!" माया किंचाळल्या.

संध्याकाळी वैभवीनं विचारलं, "आवाज काहून बसला वं तुझा?"

"बकरीवर ओरडली."

"तू?"

"हो."

वैभवीनं गरम पाणी दिलं. ते पिऊन माया बाहेर आल्या. घसा जळत होता, बाकी सगळं कालच्यासारखंच. क्रेटमध्ये कांद्याचे अकरा बुडखे शाबूत होते. त्यातले उपटलेले चार त्यांनी पुन्हा टेकवले आणि वरून जुनी खिडकीची जाळी तारेनं बांधायला घेतली.