झूम दोनशेवर नेल्यावर

"अबे, त्या बुरशीवाल्या लेन्समधून काय पाहून राह्यला एवढा वेळ? दुसरी पाह्य ना!" दिनकर ओरडत होता आणि मी केळझरच्या टेकडीवर, कॅमेरा डोळ्याला लावून, खांबासारखा उभा.

आधीच सांगतो — भूतबीत मी मानत नाही. मी बोरगाव मेघ्याचा लग्नाचा फोटोग्राफर. माझा फ्लॅश उडाला की पहाट झाली समजून शेजारच्या गावातले कोंबडे आरवायचे! छत्तीसच्या रोलमधून मी अडतीस फोटो काढायचो. वरचे दोन घरचे. पण कॅमेरा वळवला की माझी बायको सिंधू तोंडासमोर तळहात धरायची. "राहू द्या ना, तेवढा फोटो गिऱ्हाइकाच्या कामी येईल."

अर्ध्या जिल्ह्याच्या नवऱ्या माझ्या निगेटिव्हवर... आणि सिंधू गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एक फोटो नव्हता. खिळा मात्र मी ठोकून ठेवला होता.

त्यानंतरचा हिवाळा, ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा. धंद्यातला दोस्त दिनकर ऐंशी ते दोनशे मिलिमीटरच्या दोन जुन्या झूम लेन्स विकत होता. एक चकचकीत, एकीच्या काचेत बुरशी. झूम पारखायची आमची रीत ठरलेली — दोनशेवर नेऊन लांबचं जवळ आणायचं, फोकस करायचा, मग ऐंशीवर मागे ओढायची. फोकस हलला नाही तर माल चोख.

टेकडीवरून बुरशीवाली दोनशेवर नेली... खाली देवळाच्या पायऱ्यांवर सिंधू. डोक्यावर पदर, तोंडासमोर तळहात.

ऐंशीवर ओढली — पायऱ्या रिकाम्या. पुन्हा दोनशे — उभीच!

दिनकरने पाहिलं. त्याला एक शेळी दिसली.

मी तिच्या बांगडीवर फोकस धरला आणि आता तरी हात खाली घेईल म्हणून थांबत थांबत अख्खा रोल संपवला. अडतीस. तिने हात काही खाली घेतला नाही.

प्रिंट काढले. कोणी नाही. फक्त ती उभी होती तिथली पायरी, एका माणसाच्या रुंदीपुरती, दगडाचा कण न् कण मोजावा अशी स्वच्छ. तीच पायरी डावीउजवीकडे धुरकट. बुरशी असं करत नाही, लेन्सही करत नाही. नागपूरच्या कॅमेरा दुरुस्तीवाल्या उस्तादांनाही विचारलं, तेही हेच म्हणाले.

मी तीच लेन्स घेतली. एक प्रिंट खिळ्याला लावला आणि दिनकरला चहाला बोलावलं. म्हटलं, खरं सांग, काही दिसते का?

त्याने चहा संपेपर्यंत पाहिलं.

"फोकस बराबर आहे," म्हणाला.