वहीतलं शेवटचं नाव

शकुनच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला एक वही लागते. निळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर तेलाचा डाग पडलेली. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव वहीत लिहायचं, हा तिच्या सासूबाईंचा रिवाज. सासूबाई गेल्या, रिवाज राहिला. कुकर चढवला की सात लेकरं चटईवर बसतात, बाप भिंतीला टेकतो आणि शकुन चष्मा लावून नावं वाचते. वलगावची आजारी मावशी. चर्चच्या मंडळीतला बिननोकरीचा पोरगा. पाळकसाहेबांचा गुडघा. दर नावाला लेकरं आमेन म्हणतात. आणि सगळ्यांच्या शेवटी, चार वर्षं झाली, एकच नाव येतं. सत्यवती मॅडम.

लेकरांना वाटतं, वहीत नाव आहे म्हणजे त्या माणसाचं भलं मागायचं. मागत असतील बिचारी. शकुन त्या नावाला डोळे गच्च मिटून काय मागते, ते एक देवाला माहीत आणि एक तिला.

सत्यवती मॅडम अमरावतीतल्या एका इंग्रजी शाळेच्या मुख्याध्यापिका. शकुनच्याच मंडळीतल्या, पण त्यांचा बाक चर्चमध्ये पहिला आणि शकुनचा शेवटला. शकुनची तीन मोठी लेकरं तेव्हा त्यांच्याच शाळेत होती. थोरली आचल सहावीत. वर्ष संपताना पालकसभा भरली, त्यात मॅडमनी आचलला उभं करून इंग्रजीचा धडा वाचायला लावला. पोरगी अडखळली. तेव्हा मॅडम शकुनकडे वळल्या.

"तुम्ही वाचून दाखवा बरं. चूक कुठून येते ते तरी कळेल."

शकुन मराठी शाळेत शिकलेली, डी.एड. झालेली. नोकरी लागली नाही ती गोष्ट वेगळी. घरी बसून तो धडा तिनं सावकाश वाचलाही असता. पण दीडशे माणसांसमोर उभं राहिल्यावर अक्षरं मुंग्यांसारखी पांगली. तिसऱ्या ओळीवर ती थांबली ती थांबलीच.

मॅडमनी तिच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. "घरात सात मुलं, आणि आईची ही तयारी. मुलं देवाचं दान असतात हो, पण दान पेलायलाही पाहिजे ना."

सभा हसली. हसणाऱ्यांत मंडळीतलेही चेहरे होते. शकुननं एकेक चेहरा बघून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं तिघांचे दाखले काढले. आचलच्या दाखल्यावर शेरा होता, अभ्यासात कच्ची. लोकांना शकुन सांगते, प्रभूनं मार्ग दाखवला. खोटं नाही ते. पण त्या मार्गावर धक्का मारून लोटलं ते मॅडमनी.

तिचा नवरा खुशाल वेल्डिंगच्या दुकानात कामाला. त्या शाळेचं फाटकही त्यानंच बसवलेलं. उरलेल्या पत्र्याला काळा रंग मारून त्यानं घरच्या पडवीत फळा टांगला. आठच्या आत झाडझूड, अंघोळी, भाकरी उरकायच्या आणि फळ्यापुढं बसायचं. थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायचं, शकुननं थोरल्यांना. तुरीच्या दाण्यांवर बेरजा, भाकरीच्या तुकड्यांवर अपूर्णांक. आणि अपूर्णांक चुकला की तो तुकडा शेजारच्याच्या ताटात. म्हणून ते लवकर पाठ झाले.

शेजारीण विचारायची, "लेकरायले शाळेत काहून नाही धाडत वं?"

"शाळाच आली ना राहाले आमच्या घरी," शकुन म्हणायची. "हाकलू कशी?"

दुपारी मात्र फक्त इंग्रजी. आधी शकुन वाचायची, मग आचल, दोघी फळ्यापुढं उभ्या राहून. आचलचे पाय दुखायचे. "बसून वाचू ना, आई."

"उभ्यानं इज्जत गेली, उभ्यानंच आणू. वाच."

तिच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीच्या बारीक तुकड्यांचं आणि द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचं ताट एका हातातून दुसऱ्या हातात, बाकाबाकानं मागं येतं. ज्याच्या मनात कुणाविषयी अढी असेल त्यानं घ्यायचं नाही, गपचूप ताट पुढं द्यायचं. आधी मिटवायचं, मग घ्यायचं. चार वर्षं शकुन ताट पुढं देत आली. पहिल्या बाकावरून मागचं दिसत नाही, त्यामुळं मॅडमना त्याचा पत्ता नव्हता. खुशालला होता.

"सोड ना आता," तो म्हणायचा.

"सोडलं असतं तं घेतलं असतं. देवापुढं खोटं वागनं मले जमत नाही."

शाळेत न जाणाऱ्या लेकराला दहावीची परीक्षा द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो कुठल्या तरी शाळेमार्फत जातो, आणि गुणपत्रिकाही त्याच शाळेतून मिळते. यादीत घराजवळच्या दोन शाळा होत्या. शकुननं दूरची निवडली. मॅडमची.

"तिथं काहून?" आचलनं विचारलं.

"तिथलं फाटक मजबूत हाय, तुह्या बापानं बसवलेलं," शकुन म्हणाली.

निकाल लागला. त्या शाळेचा पहिला आला शहाऐंशी टक्क्यांवर. आचलला एकोणनव्वद. इंग्रजीत चौऱ्याण्णव. शकुननं त्या दिवशी गोड केलं नाही. गोड करायचा दिवस अजून यायचा होता.

गुणपत्रिका वाटायच्या दिवशी तिनं सातही लेकरांना धुतलेले, इस्त्रीचे कपडे घातले आणि ओळीनं शाळेत नेलं. तेच सभागृह, पालकांची तशीच गर्दी. आचलचं नाव पुकारलं तशी शकुन तिच्याबरोबर पुढं गेली. मॅडमनी गुणपत्रिका पुढं केली. शकुननं हात मागंच ठेवले.

"वाचून दाखवा बरं, मॅडम. मोठ्यानं."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं आणि ओळखलं. त्यांनी वाचायला घेतलं. मराठी, गणित, विज्ञान. इंग्रजीवर आल्या तेव्हा आवाज खाली गेला.

"आयकू नाही आलं," शकुन म्हणाली.

"चौऱ्याण्णव," मॅडम म्हणाल्या.

आता शेवटचं वाक्य राहिलं होतं. चार वर्षं भाकऱ्या थापताना तिनं ते घोटलं होतं: दान पेललं का नाही, ते सांगा आता साऱ्याइले. तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सर्वांत धाकटी, सहा वर्षांची करिश्मा, ओळ सोडून पुढं आली.

"तुमीच सत्यवती मॅडम का?" तिनं मॅडमचा पदर धरला. "आमी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो. आई सगळ्यायच्या शेवटी तुमचं नाव घेते. डोळे मिटून."

मॅडम खाली बसल्या, पोरीच्या उंचीवर. "रोज?"

"रोज. ताप आला तरी."

मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या उठल्या आणि भरल्या सभेत त्यांनी शकुनला मिठी मारली. "मी हिचं इथंच हसं केलं होतं," त्या लोकांना म्हणाल्या. "आणि ही माझ्यासाठी रोज गुडघे टेकत होती." कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. शकुन त्या मिठीत लाकडासारखी उभी. लेकरांचे सात चेहरे तिच्याकडं कौतुकानं बघत होते. त्यांच्यासमोर ती काय बोलणार?

घरी खुशाल पोट धरून हसला. "तू तळतळाट देत होती अन् लेकरं आशीर्वाद. ते सात, तू एकली. देवानं कोनाचं आयकलं असन?"

शकुननं तव्यावरची भाकर इतकी जोरात उलटली की तुकडा पडला.

आचल हसली नाही. "आई, तू काय मागत होती?"

"वरन उतू जाऊन राहिलं, पाह्य," शकुन म्हणाली.

आठवडाभर मंडळीतली माणसं तिला येऊन भेटत होती. पाळकीणबाई म्हणाल्या, क्षमा शिकावी तर शकुनकडून. दर शाबासकीला शकुनला तोंडचा घास हिरावल्यासारखं होत होतं. चार वर्षं पोसलेला सूड, आणि लोकांनी त्याला फुलं वाहिली.

मग महिन्याचा पहिला रविवार आला. सत्यवती मॅडम पहिल्या बाकापाशी थांबल्या नाहीत. सगळ्यांच्या देखत मागं चालत आल्या आणि शेवटच्या बाकावर शकुनला खेटून बसल्या. गीत झालं, संदेश झाला, ताट निघालं.

ताट शकुनच्या हातात आलं. एक तुकडा उचलला असता तर सगळं मिटलं असतं, निदान मिटल्यासारखं दिसलं असतं. तिनं ताट तसंच मॅडमपुढं धरलं.

"घे ना आधी," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मी घेत नाही. चार वर्षं झाली."

मॅडम हसत होत्या. अर्थ कळायला लागला तसं ते हसू हळूहळू विझत गेलं. त्यांनी शकुनकडं पाहिलं, लेकरांच्या रांगेकडं पाहिलं. "मग ती रोजची प्रार्थना?"

"प्रार्थनाच होती, मॅडम," शकुन म्हणाली.

मॅडमचा हात ताटावर थबकला, आणि रिकामाच मांडीवर परत गेला. त्यांनीही ताट पुढं दिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. शकुन समोर वेदीकडं बघत ताठ बसली होती. त्या रविवारी तिनं घरी गोड केलं. शेवयांची खीर, सगळ्यांना दोन दोन वाट्या.

संध्याकाळी वही उघडली. मावशी, बिननोकरीचा पोरगा, गुडघा. शकुन थांबली.

"आई, मॅडम राहिल्या ना," करिश्मानं आठवण दिली.

"सत्यवती मॅडम," शकुननं वाचलं.

"आमेन," लेकरं म्हणाली. सहा आवाज आले. आचल खाली मान घालून चटईची काडी मोडत होती.

शकुननं वही मिटली नाही. चष्मा सारखा केला, थोरलीकडं बघितलं आणि पुन्हा वाचलं, "सत्यवती मॅडम." आणि वाट बघत बसली.