लूम बंद पडले तेव्हा
परवा भिवंडीत वीज गेली, गल्लीतले लूम, कापड विणणारे यंत्रमाग, एकदम थांबले आणि बऱ्याच वर्षांपूर्वीची सायबर कॅफेतली ती संध्याकाळ आठवली. लूमच्या आवाजाने कामगारांचे कान कसे जातात, यावरचा माझा निबंध जर्नलला पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. नियमाप्रमाणे सगळ्या मजकुराला एकच इंग्रजी फॉन्ट लावला, आणि तेव्हा मराठी अक्षरं मराठी फॉन्टशिवाय दिसत नसल्याने कामगारांच्या, त्यात बाबांच्याही, मराठी बोलण्याचा नुसता कंस-आकड्यांचा कचरा झाला. “मॅडम, जल्दी करो, लाईट जाएगी,” कॅफेवाला ओरडत होता. एकेका वाक्याला परत मराठी फॉन्ट लावत होते, तेवढ्यात स्क्रीन काळा झाला. बंद पडलेल्या लूमच्या गल्लीतून रडत घरी आले. “काय झालं गो?” बाबांनी विचारलं. “लाईट गेली!” मी त्यांच्या कानाशी ओरडले. “न्हाय गो,” ते म्हणाले, “लूम चालू हायत ना.” परवाच्या शांततेत मलाही लूम ऐकू येत होते.