गादीच्या पोटातला फोन

"एकदा घातलेला टाका उसवायचा नसतो," हे आमच्या गल्लीतल्या गादीवाल्या काकांचं पालुपद. कापूस पिंजावा, खोळीत कंबरेपर्यंत शिरून कोपरे ठासावेत आणि जाड सुईनं तोंड शिवावं. शिवलेली गादी त्यांनी जन्मात उसवली नव्हती.

त्या दुपारी काकूंच्या फोनवर परगावाहून लेक बोलत होती. नर्सिंगच्या शाळेत तिला जागा मिळाली होती. फी संध्याकाळच्या आत भरायची, नाहीतर जागा दुसऱ्याची. पैसे काकांच्या खात्यात, आणि बँक आकड्यांचा मेसेज पाठवणार तो काकांच्याच फोनवर.

"बाबा, आकडे आले का?"

काकांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. रिकामा. त्यांची नजर भिंतीशी रचलेल्या गाद्यांकडे गेली आणि चेहरा कापसासारखा पांढरा पडला.

"खोळीत वाकलो तेव्हा पडला गं."

"मग वाजवून बघू!" काकू म्हणाल्या.

"आवाज बंद आहे. नुसता थरथरतो."

काकूंनी लेकीला फोनवरच थांबवून त्यांचा नंबर लावला. डॉक्टर छाती तपासतो तसे काका एकेका गादीला कान लावत गेले. शेवटच्या गादीत भुंगा घुमत होता.

कात्री हातात घेतली, पण हात पुढे होईना.

"अहो, टाक्याचं काय घेऊन बसलात? तिकडे पोरगी ताटकळलीय!" काकू कडाडल्या.

काकांनी डोळे मिटले आणि टाका कापला. खांद्यापर्यंत हात घालून फोन बाहेर काढला. पहिल्या मेसेजची मुदत टळून गेली होती. लेकीनं नवा मागवला. काकांनी तो एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"सांगा ना, बाबा!"

"कुणालाही सांगू नका, असं लिहिलंय."

"मी काय कुणीतरी आहे का?"

काका ओशाळले. तोंडाशी हात धरून एकेक आकडा पुटपुटले.  मग पलीकडून चीत्कार आला, "भरली, बाबा! जागा माझी झाली!"

काका उसवलेल्या गादीवरच मटकन बसले. कापूस उडून मिशीला चिकटला.

"म्हातारे दिसताय," काकू डोळे पुसत हसल्या.

"दिसू दे."

त्यांनी गादीचं तोंड पुन्हा शिवलं, पहिल्याहून बारीक टाक्यांनी. तोवर काकूंनी सदऱ्याच्या खिशाला बटण लावलं. मग गादी डोक्यावर घेऊन काका गिऱ्हाइकाकडे निघाले. एक हात गादीला, दुसरा खिशावर. कोपऱ्यावर नुसती गादीच चालल्यासारखी दिसली. ती वळेपर्यंत काकू दारात उभ्या होत्या, दातात सुईचा दोरा धरून.