सुमनवहिनींची गाडी बंद पडते तेव्हा

पेट्रोलच्या टाकीत गाळ कधी साठतो ते कुणाला दिसत नाही. पेट्रोल येतं, जळून जातं, गाळ तळाशी राहतो. गॅरेजवाल्याच्या डोक्यात किस्से असेच राहतात. भोरमधलं माझं पत्र्याचं गॅरेज आता बंद आहे, तरी संध्याकाळी आम्ही दोस्त बाकड्यावर बसलो की कुणीतरी तळ ढवळतंच. आणि वर येतात ते बहुतेक एकाच गाडीचे किस्से. उत्रोलीच्या दत्तोबाच्या सायीच्या रंगाच्या गाडीचे.

गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. चालता चालता मध्येच हुंकार देऊन गप्प व्हायची. दत्तोबाचा मुलगा सतीश पुण्यात नोकरीला. त्यानं बजावलं होतं, "बाबा, आता रस्त्यात एकदा जरी बंद पडली, तर सरळ भंगारात घालणार. या वयात तुम्ही कुठं अडकून बसायचं?"

पोराचं काही चूक नव्हतं. पण दत्तोबाच्या मंडळी, आमच्या सुमनवहिनी, यांना एसटी लागते. नवीन एसी गाडी तर निघायच्या आधीच लागते! या एकाच गाडीत त्यांना उलटी होत नाही. पुढची तिकोनी काच उघडायची, वाऱ्याला तोंड द्यायचं आणि डोळे मिटून बसायचं. वेल्ह्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला त्यांची थोरली बहीण राहते, अक्का. अक्कांचं चालणं आता उंबऱ्यापासून अंगणापर्यंत. म्हणजे गाडी गेली की दोघी बहिणींची भेट संपली.

म्हणून गाडी बंद पडायची आणि आम्ही सतीशला कळू द्यायचो नाही. आम्ही म्हणजे दत्तोबा, मी आणि किकवीचा बापू. बापू एसटीचा रिटायर ड्रायव्हर. वेल्ह्याला निघायचं झालं की आम्ही दोघं मागच्या सीटवर. मी पाने घेऊन, तो सल्ले घेऊन.

* * *

एक काळ असा होता की गाडी जाताना बंद पडायची आणि येताना गाण्यासारखी चालायची. जाताना काळा धूर, आचके, नसरापूरच्या पुढं दोनदा तरी थांबा. येताना काही नाही!

मी प्लग काढायचो. काजळी धरलेली. पुसायचो, लावायचो. पुढच्या खेपेला पुन्हा काजळी.

दत्तोबा कौतुकानं म्हणायचा, "गाडीला घरची वढ हाय. बैलाला असती तशी."

एकदा अशीच बंद पडली. वहिनींनी समोर अडकवलेली पिशवी काढली, म्हणाल्या, "भावजी, चिवडा खावा तवर." आम्ही चिवडा खाल्ला. पिशवी त्यांच्या मांडीवरच राहिली. मग गाडी जी सुरू झाली ती थेट अक्कांच्या अंगणात!

तेव्हा माझं लक्ष गेलं. वहिनी पिशवी अडकवत होत्या ती चोकच्या ढिल्या मुठीला. जाताना पिशवीत अक्कांसाठी इंद्रायणी तांदूळ, म्हणजे चोक पुरा ओढलेला. इंजिन बिचारं पेट्रोल पिऊन गुदमरायचं. येताना पिशवी रिकामी.

मी डॅशबोर्डला एक हूक लावून दिला. दत्तोबा दोन दिवस नाराज होता. बापूनं त्याला विचारलं, "का रं, बैल घरला यायचा इसरला का?"

* * *

मार्गासनीच्या पुढं रस्त्याकडेला म्हसोबाचा दगड आहे. पावसाळ्यात गाडी त्याच्या आसपासच थांबायला लागली. थांबली की वहिनी उतरायच्या, नारळ फोडायच्या. बापू तोवर टाकीचं झाकण उघडून आत काडी घालून पेट्रोल बघायचा. झाकण लावायचा. सेल मारला की गाडी चालू!

"देव पावला," वहिनी म्हणायच्या.

एका खेपेला बापू नव्हता, पाहुण्यांकडं जेवणाला गेला होता. गाडी थांबली. नारळ फोडला. गाडी हलेना. दुसरा नारळ फोडला. नाहीच. मी कार्बोरेटर उघडून बघितला, स्वच्छ. भाताच्या खाचरांवर ढग उतरले होते. बगळे ढगातून यायचे आणि ढगातच जायचे. आम्ही खोबरं खात बसलो. खरं सांगतो, मला तिथून उठावंसंच वाटेना.

शेवटी दत्तोबानं फोन लावला. "बापू, ये बाबा. देवाला तूच लागतोस."

जेवण टाकून बापू पुतण्याच्या मोटरसायकलवर आला. देवाला हात जोडले, झाकण उघडलं, काडी घातली, झाकण लावलं. गाडी चालू!

पण या वेळी मी जवळ उभा होतो. झाकण उघडताना 'स्सूं' असा आवाज आला. पाणी जाऊ नये म्हणून दत्तोबानं झाकणावर प्लास्टिकची पिशवी घालून ती सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधली होती. टाकीत हवाच शिरत नव्हती, मग पेट्रोल तरी खाली कसं उतरावं?

मी पिशवीला भोक पाडलं. गाडी थांबायची थांबली. वहिनी मात्र तिथं अजून थांबायला लावतात. म्हणतात, "एवढी वर्सं वळख झाली, आता न बोलता कसं जायचं?"

* * *

एकदा सतीशचा फोन आला तो नेमका गाडी बंद असताना. दत्तोबानं तो स्पीकरवर घेतला. त्याला दुसरं काही जमतच नाही.

"बाबा, कुठं आहात?"

"हे काय, चाललोय की वेल्ह्याला."

"गाडीचा आवाज येत नाही तो?"

दत्तोबा आमच्याकडं बघायला लागला. बापूनं मान पुढं घेतली आणि तोंडानं इंजिन सुरू केलं. घुर्रर्र! मग चढ आला असावा, कारण त्यानं गिअर बदलला. क्लच दाबल्याचा फुस्स आवाजसुद्धा काढला. मला वाटलं, आपण खरंच चाललोय. झाडं मागं जातायत असा भास झाला!

 मग सतीश म्हणाला, "बाबा, आईला एसटीत का बसवलं?"

* * *

उन्हाळ्याचा एक किस्सा. उन्हानं इंजिनाजवळचा पेट्रोल ओढणारा पंप इतका तापला की पेट्रोलची नळीतच वाफ झाली. अशा वेळी पंपावर ओलं फडकं ठेवायचं, सोपं आहे. पण पाण्याचा कॅन दत्तोबा ओट्यावर विसरलेला. आसपास विहीर नाही, ओढा कोरडा.

आम्ही आंब्याखाली बसलो. बॉनेटखालून टिक टिक आवाज येत होता, तापलेलं लोखंड निवताना येतो तसा. दत्तोबाला झोप लागली. बापूला लागली. मलाही लागणार होती, तेवढ्यात वहिनी किटली घेऊन उठल्या. अक्कांसाठी आणलेलं ताक! त्यांनी ते पंपावर धार धरून ओतलं, देवाला घालतात तसं.

गाडी सुरू झाली. अक्कांच्या दारापर्यंत सगळ्या रस्त्याला आंबट वास.

अक्कांनी रिकामी किटली हलवून बघितली. "सुमे, ताक गं?"

"इंजनानं पिलं."

अक्का गाडीकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "पिऊ दे. उन्हाचं आलंय."

* * *

गेल्या दिवाळीच्या आधी भात कापणीला आला होता, तेव्हा सतीश सुट्टी घेऊन आला. म्हणाला, "या खेपेला मीच चालवणार. एकदाचं बघतोच."

वहिनींनी रस्ताभर पिशवी मांडीवरच धरली. दत्तोबाच्या कपाळावर घाम.  गाडी मात्र अशी चालली, अशी चालली, की पिकल्या भाताच्या वासावर तरंगत गेलो आम्ही. कुठं अडकली नाही, खोकली नाही.

अक्कांकडं जेवणं झाली. मग दोघी बहिणी ओसरीवर बसल्या. अक्कांनी वहिनींचा अंबाडा सोडला आणि तेल लावून केस विंचरायला घेतले. वहिनींचे केस पांढरे, अक्कांचे हात थरथरणारे. फणी थांबायची, पुन्हा चालायची.  सतीश खांबाला टेकून नुसता बघत होता. त्याच्या हातातला मोबाईल वाजून वाजून थांबला.

उन्हं उतरली तशी निघायची वेळ झाली. सगळे गाडीत बसलो. सतीशनं गाडी सुरू केली. इंजिन मांजरासारखं घुरघुरत होतं. अक्का काठी टेकत अंगणात आल्या, खिडकीतून हात घालून वहिनींचा गाल धरला.

"सुमे, आता कवा?"

 अक्का हात काढीनात.

आणि इंजिन बंद पडलं.

दत्तोबानं डोळे मिटले. मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं. वायरी जागेवर. पेट्रोल येतंय. पंप गार. इंजिनावर हात ठेवला, गाईच्या पाठीसारखं ऊबदार. कुठं काही बिघाड नाही.

"सतीश, सेल मार जरा."

सेल वाजला नाही. मी बॉनेटच्या कडेनं डोकावलो. चावी स्विचला नव्हती. सतीशच्या मुठीत होती, आणि तो समोर तोरण्यावर उतरणाऱ्या ढगाकडं बघत होता.

"नानाकाका," तो म्हणाला, "बंद पडली वाटतं."

दत्तोबा घाईघाईनं म्हणाला, "आरं, व्हती चालू! जरा दम धर, लगीच व्हती..."

"नाही व्हायची, बाबा. आवाजावरनंच कळतंय. आज मुक्कामच करावा लागेल."

अक्का केव्हाच घराकडं वळल्या होत्या. आतून आवाज आला, "सुमे, ये. तांदूळ निवडू लाग."

बापूनं खाली उतरून स्विचकडं बघितलं, मग मुठीकडं बघितलं आणि तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय ठेवला आणि बॉनेट हळूच खाली घेतलं.